बुधवारी, बटाटे

साडेसातला प्रयोगशाळेचं दार उघडते.
ग्रिम्स्बीत अजून अंधार.
गोदीकडून माशांचा आणि डिझेलचा वास
माझ्या मागोमाग आत शिरतो.
बॉयलर सोमवारपासून बंद आहे;
शाळेचं पत्र निघालंय, मुलांनी कोट घालून बसावं.

बटाटे काढते. मारिस पायपर, पाच किलो.
बोअररने नळकांड्या पाडते, एकशे चाळीस,
प्रत्येक बरोबर तीन सेंटिमीटर,
आणि सहा चंचुपात्रं मांडते ओळीत:
साध्या पाण्यापासून
हंबरच्या मुखापेक्षा खारट पाण्यापर्यंत.

सर फळ्यावर बाण काढतील.
इथून तिथे, पटलातून पलीकडे.
मला बाणांची गरज कधी पडली नाही.
काकडी चोचवली, मीठ लावलं,
की डाळ शिजेपर्यंत तिला पाणी सुटायचं.
पिळून टाकलं की आई ओरडायची,
अगं, चव त्यातच गेली ना सगळी.

सव्वाआठला ती येते.
आधी छातीत काडी ओढल्यासारखं,
मग मान, कान, केसांची मुळं.
बाहेर दोन अंश, खोलीत सात,
आणि मी कार्डिगन काढून, बाह्या सारून
फ्रिजमध्ये तोंड खुपसून उभी.
आगारच्या बशांमागून
बैलाच्या डोळ्यांचा डबा माझ्याकडे बघतो.
बघ बाबा.

मेंदूच्या तळाशी, बदामाएवढ्या खोलीत
कुणी एक कारकून बसलाय.
एकावन्न वर्षं त्याने सदतीसचा आकडा सांभाळला.
माझा मलेरिया काढला, दोन बाळंतपणं काढली,
क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावर जानेवारीत
नवऱ्याच्या हट्टापायी आइस्क्रीम खाल्लं, तेही निभावलं.
मी कधी त्याची विचारपूस केली नाही.
आता त्याला सात अंशांत वैशाख दिसतो.
शिरा उघडा, म्हणतो. घाम काढा. लवकर!
मग चूक कळते त्याला,
आणि मी दात वाजवत कार्डिगन शोधते.

अकराला दहावीचा वर्ग.
कोटातली मुलं, तोंडातून वाफा,
टिश्यूने बटाटे टिपून वजनं घेतायत.
खारातले वाकतात, म्हाताऱ्या बोटासारखे.
साध्या पाण्यातले कडक, मोडले तर कट् करतात,
म्हणून काही जण नुसतेच मोडत बसलेत.
टिगन मात्र हात वर करून थांबलीय.
सर दुसऱ्या टोकाला. मी तंत्रज्ञ,
शिकवणं माझ्या कामात बसत नाही.
'मिस, माझं फसलं. तिसऱ्या पात्रात काहीच झालं नाही.
आधी दोन पॉइंट एक. नंतरही तेच.'

'झालं की. जेवढं गेलं तेवढंच आलं.
पूर्ण तासभर ये-जा चालू होती.'

ती बटाट्याकडे बघते, मग माझ्याकडे.
माझ्या कपाळावरून थेंब ओघळतोय,
सात अंशांत.
'म्हणजे शून्य लिहू?'
'शून्य लिही.'
ती लिहिते. खाडाखोड न करता,
थोडं मोठंच.

तीनला बॉयलरवाला आला. गेथिन, वेल्सचा,
गुडघे धरत खाली बसणारा.
झाकण काढलं, टॉर्च मारला, हसला.
'यंत्र ठणठणीत आहे हो. सेन्सर बिघडलाय.
त्याला वाटतं आत उकडतंय, म्हणून बंद पडतं.'
'ओळखते मी त्याला,' मी म्हटलं.
त्याला कळलं नाही; चहा मात्र घेतला, तीन साखरा.

सुटा भाग शुक्रवारी येणार.
तोवर कोट.
एकशे चाळीस बटाटे कचऱ्यात ओतते,
चंचुपात्रं विसळते, काठावरचं मीठ नखाने खरवडते,
आणि पाच मिनिटं का होईना
खिडकी सताड उघडते.